मोबाईल लागल्याशिवाय घास नाही, आणि भाऊ म्हणतो पावलोव्हचा कुत्रा झालाय

पत्र:
"मावशी, माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि मोबाईल लावल्याशिवाय एक घास खात नाही. कार्टूनचं सुरुवातीचं म्युझिक लागलं की ताटाकडे न बघताच तोंड उघडतो, बंद केलं की तोंड बंद. गेल्या आठवड्यात ठरवून मोबाईल बंद केला. पहिल्या दिवशी ४० मिनिटं रडला, दुसऱ्या दिवशी ताट भिरकावलं, वरण भिंतीवर. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना बघवलं नाही, त्यांनी स्वतःचा फोन दिला. आता आधीपेक्षा जोरात रडतो. जाऊबाई म्हणतात दोन फटके दे, सरळ होईल. मैत्रीण म्हणते घासाला एक चॉकलेटची गोळी दे. मागे सासूबाईंनी नाक दाबून लाल भोपळ्याची भाजी भरवली तर सगळी उलटी झाली, तेव्हापासून भोपळा दिसला तरी पळतो. आणि माझा भाऊ बीएड करतोय, तो हसून म्हणाला, हा तर पावलोव्हचा कुत्रा झालाय. मला फार लागलं ते. काय करू? — एक आई, नाशिक"

अगं, आधी तर त्या भावाला सांग की मावशीने तुला दहापैकी पाच दिलेत. म्युझिक लागलं की तोंड उघडतं हा भाग पावलोव्हचा, तिथे तो बरोबर आहे. पण ते ४० मिनिटांचं रडणं आणि भिंतीवरचं वरण, ते पावलोव्हच्या धड्यात येत नाही, तो पुढचा धडा आहे आणि तो त्याने ऑप्शनला टाकलेला दिसतोय.

आणि कुत्रा म्हटलं म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या आजीची कपिला गाय पण हेच करायची आणि तिला कोणी नावं ठेवली नाहीत. पहाटे गोठ्यात चरवीच्या कडीचा खण असा आवाज झाला की कपिला मान वळवून बघायची आणि आजीने कासेला हात लावायच्या आधीच सडातून दोन-चार थेंब खाली पडलेले असायचे. आजी म्हणायची पान्हा फुटला. आता वासरू लुचलं किंवा सडाला हात लागला की गायीच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सुटतं आणि दूध खाली उतरतं, हे शरीर जन्मापासून जाणतं, ते शिकवावं लागत नाही. पण रोज आधी चरवीचा आवाज आणि मग धार, आधी चरवी आणि मग धार असं महिनोन्‌महिने झालं की शरीराला चरवीचा आवाज पण पुरतो, हाताची वाट बघायची गरज राहत नाही.

पावलोव्हचं पण हेच झालं. तो मानसशास्त्रवाला नव्हताच, रशियातला शरीरशास्त्रज्ञ, पचनावर काम करणारा, १९०४ चं नोबेल त्याला पचनाच्याच कामासाठी मिळालं. कुत्र्यांची लाळ मोजायला बसला होता आणि लाळ खाणं तोंडात पडायच्या आधीच सुटायला लागली, खाणं आणणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी सुटायची, म्हणजे मोजमापाचं वाटोळं. पण बाबा हुशार, त्या वाटोळ्याचाच त्याने पुढे जन्मभर अभ्यास केला. (सगळे घंटी घंटी करतात, पण त्याच्या लॅबमध्ये मेट्रोनोम, बझर, दिवे असलं बरंच काही होतं. मेट्रोनोम म्हणजे गाण्याच्या क्लासला लय धरायला ठेवतात ना टिकटिक करणारं, ते.)

तर तुझ्या पोराचं काय झालंय, म्युझिक आणि घास, म्युझिक आणि घास, दिवसातून दोन-तीनदा, वर्षभर धर. त्याचं तोंड भुकेने उघडतच नाहीये, म्युझिकने उघडतंय. आणि म्हणूनच पोट भरलं तरी त्याला कळत नाही, कारण लक्ष पोटाकडे नसून त्या कार्टूनमधल्या डुकराकडे नाहीतर बसकडे आहे. तुला वाटतं मोबाईलवर छान जेवतो, तो जेवत नाहीये गं, त्याला भरलं जातंय.

आता रडण्याचं बघू, खरी गोम तिथे आहे.

थॉर्नडाईक नावाचा एक अमेरिकन माणूस होता, त्याने १८९८ मध्ये मांजरांवरचे प्रयोग छापले. मांजर लाकडी पेटीत, बाहेर मासळीचा तुकडा, आतून एखादी दोरी ओढली नाहीतर खटका दाबला की दार उघडतं. मांजर आधी चावतं, ओरबाडतं, फटीतून पंजा घालतं, सगळा तमाशा करून कधीतरी चुकून खटका दाबला जातो आणि बाहेर. परत आत टाकलं की परत तमाशा, पण थोडा कमी. असं करत करत विसाव्या-पंचविसाव्या वेळेला जातं आणि सरळ खटका दाबतं. त्याने वेळ मोजून ठेवला होता आणि त्यात एका क्षणात "आत्ता कळलं" असं काही दिसत नव्हतं, वेळ आपला हळूहळू कमी होत जायचा. ज्याने दार उघडलं ते राहिलं, बाकीचं गळून गेलं.

तुझ्या घरात रडणं हा खटका आहे. त्याने आधी मागून बघितलं असेल, रुसून बघितलं असेल, तोंड फिरवलं असेल, आणि फोन कशाने आला? रडण्याने. यात लबाडी नाही, हट्टीपणा पण नाही, तो बसून प्लॅन करत नाहीये, जे चाललं ते त्याने ठेवलं इतकंच.

आणि आता तो तिसरा दिवस. तुमच्या घरातली सगळ्यात महाग चूक ती आहे आणि सासऱ्यांनी ती प्रेमापोटी केली हे मला मान्य आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा किस्सा सांगते. १९३० च्या दशकात हार्वर्डला उंदरांवर काम करत होता, उंदराने दांडी दाबली की खाण्याची एक गोळी पडायची. या गोळ्या त्याला स्वतःच करायला लागायच्या, आपण सांडगे घालतो तसं समज. एका शनिवारी दुपारी डबा बघितला तर गोळ्या संपत आलेल्या, आता सगळी दुपार गोळ्या करण्यात जाणार, तर कंटाळून त्याने ठरवलं की प्रत्येक दांडीला कशाला गोळी द्यायची, मिनिटाला एखादी देऊ. आणि उंदीर काही थांबले नाहीत, दाबतच राहिले. पुढे त्याच्या आणि इतरांच्या कामातून हे पक्कं दिसलं की ज्याला दर वेळी मिळत होतं त्याचं मिळणं बंद केलं तर तो लवकर नाद सोडतो, आणि ज्याला कधीमधी मिळत होतं तो सोडता सोडत नाही.

नवीन स्कूटर बटण दाबून चार वेळा सुरू झाली नाही तर आपण मेकॅनिकला फोन लावतो. पण माझ्या यजमानांची एक जुनी स्कूटर होती जी कधी तिसऱ्या किकला सुरू व्हायची, कधी बाविसाव्या, कधी आडवी करून सरळ केल्यावर, आणि तो माणूस घामाने निथळत किका मारत राहायचा पण गॅरेजला नेत नव्हता, कारण मागच्या मंगळवारी बाविसाव्याला लागली होती ना! तुझं पोर सध्या त्या स्कूटरला किक मारतंय. दोन दिवस लागली नाही, तिसऱ्या दिवशी लागली. आता त्याला माहितीये की जोर लावायचा.

म्हणून एकच नियम पक्का धर. द्यायचाच असेल फोन तर पहिल्या हाकेला दे, हसत दे, आणि द्यायचा नसेल तर आभाळ कोसळलं तरी देऊ नको. रडून रडून दमल्यावर मग देणं, हे सगळ्यात वाईट, त्यापेक्षा रोज मोबाईलवर जेवलेला परवडला.

आणि कुत्र्याचं म्हणशील तर, अगं, शिकलेला तो एकटा नाहीये. तो रडतो, तुमचा जीव वरखाली होतो, शेजारी काय म्हणतील वाटतं, आजोबांचं बीपी वाढतं. फोन हातात दिला की एका सेकंदात शांत. म्हणजे फोन देण्याचं बक्षीस तुम्हाला मिळतंय, शांततेचं. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने एका वर्षात चार मोठ्या माणसांना व्यवस्थित शिकवलंय. भावाला हे वाच, जरा गंमत येईल.

जाऊबाईंचे फटके. याला माझा विरोध आहे, पण नुसतं मारू नये म्हणून सोडून देत नाही, कारण सांगते. अमेरिकेत जॉन गार्सिया नावाचे एक होते, त्यांनी १९५० च्या दशकात बघितलं की उंदराने गोड पाणी प्यायलं आणि मग रेडिएशनमुळे त्याचं पोट बिघडलं तर तो पुन्हा त्या गोड पाण्याला तोंड लावत नाही. मग १९६६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या संशोधकाने अजून भारी गोष्ट दाखवली. उंदरांना पाण्याची चव, दिवा आणि आवाज असं सगळं एकत्र दिलं. ज्यांचं पोट बिघडवलं त्यांनी चवीला दोषी धरलं. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी दिव्या-आवाजाला दोषी धरलं, चवीला नाही. म्हणजे शरीर वाटेल ते वाटेल त्याला जोडत नाही, त्याची आतून काही गणितं ठरलेली आहेत. पोटातलं दुखणं चवीला चिकटतं, बाहेरून बसलेला मार बाहेर जे दिसतं-ऐकू येतं त्याला चिकटतो.

आता तुझ्या स्वयंपाकघरात लाव हे. फटका बसला तर तो मोबाईलला चिकटणार नाही, तो चिकटेल तुझ्या हाताला, त्या खुर्चीला, रात्रीच्या साडेआठला. "चला जेवायला" ही हाक आली की पोराच्या पोटात गोळा येणार. कपिलेवर एकदा मधल्या काकांनी काठी उगारली होती, तर पुढे कितीतरी दिवस ते गोठ्यात शिरले की ती पान्हा चोरायची, आजीने कितीही थोपटलं तरी धार नाही. घाबरलेल्या शरीराचं अॅड्रेनलिन दूध उतरू देत नाही. पोराला घास कसा उतरेल?

आणि भोपळ्याचं रहस्य पण तुला कळलं असेल. एकदाच झालं, पण पुरलं. या बाबतीत शरीराला दुसरी वेळ लागत नाही, आणि खाल्ल्यावर काही तासांनी उलटी झाली तरी ते बरोबर हिशोब जुळवतं. मी सात वर्षांची असताना एसटीने कोकणात जाताना घाटात उलटी होऊ नये म्हणून आईने मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या, सात-आठ तरी असतील, केशरी. उलटी झालीच, पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पदरावर. आता मी ६१ वर्षांची आहे, मला पक्कं ठाऊक आहे की उलटी घाटाने आली, गोळीने नाही, कॉलेजात पोरांना हा विषय शिकवून रिटायर झाले, आणि तरी कोणी लिमलेटचा कागद सोडला की मला तोंडाला पाणी सुटतं ते उलटीच्या आधीचं. तेव्हा सासूबाईंना सांग, कोंबायचं नाही. शेवटचे दोन घास तर अजिबात नाहीत, "हा चिऊचा, हा काऊचा" ठीक आहे पण तोंड फिरवलं की चिऊ उडाली म्हणायचं.

चॉकलेटच्या गोळीबद्दल थोडक्यात. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या नर्सरीत तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता, ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला आधीच आवडायचं अशी मुलं. काहींना सांगितलं चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, रिबीनवालं. दिलं पण. नंतर मोकळ्या वेळात पेनं ठेवली तर ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. खेळाचं काम होऊन बसलं. घासाला गोळी लावलीस तर घास म्हणजे गोळीपर्यंत पोचायचा टोलनाका होईल, आणि महिन्याने मला दुसरं पत्र लिहिशील की मावशी आता दोन गोळ्या मागतो.

मग करायचं काय. मी असते तर एकदम बंद करण्याचा प्रयोग पुन्हा केला नसता, कारण तुमच्या घरात चार जण आहेत आणि एक जण पाघळला की संपलं. हळूहळू काढ. आणि हे सगळं त्याने रडायच्या आधी ठरवून, आपणहून करायचं, त्याच्या रडण्याला उत्तर म्हणून नाही. पहिले तीन-चार दिवस तेच कार्टून पण फोन हातात नाही, टेबलाच्या पलीकडे. मग फोन पालथा, नुसता आवाज. मग कार्टूनऐवजी गाणी, लांब कपाटावर. मग ती पण जेवण सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी बंद, कारण तोवर आजोबांची गोष्ट सुरू झालेली असेल. आजोबांना कामाला लाव, त्यांनाच सगळ्यात जास्त कळवळा आहे ना, मग फोनऐवजी त्यांनी गोष्ट द्यायची, आणि ती पण पोर शांत असतानाच.

ही हळूहळू पुढे न्यायची पद्धत मी घरात बसून काढलेली नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या जवळजवळ तीन वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली होती, तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग रोज थोडा जवळ, इतका की शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटं कुरतडू देत होता. भोपळ्याला हीच युक्ती. त्याच्या ताटात वाढू नको, तुझ्या ताटात वाढ आणि तू खा, काही दिवसांनी टेबलावर वाटीत, मग घाऱ्या कर, गुळाच्या, आणि त्या भोपळ्याच्या आहेत हे तेव्हाच सांगायची काही गरज नाही. पण जोन्सबाईंनी एक इशारा देऊन ठेवलाय तो लक्षात ठेव, घाई केली तर उलटं होतं, सशाची भीती जायची सोडून पोर खाण्यालाच घाबरायला लागतं. पोर अवघडलं की एक पाऊल मागे.

भुकेची पण सोय कर. जेवणाच्या आधी दोन तास दूध नाही, बिस्किट नाही, "नुसता एक लाडू" नाही. ताट समोर, सगळे एकत्र बसलेले, त्याचा त्याने हाताने खायचं, सांडेल, सांडू दे. वीस-पंचवीस मिनिटांनी काही न बोलता ताट उचल, दोनच घास खाल्ले असतील तरी. आणि त्याने आपणहून घास उचलला की त्याच क्षणी त्याच्याकडे बघ, बोल काहीतरी, रात्री नवऱ्याला कौतुकाने सांगशील त्याचा पोराला काही उपयोग नाही, या वयात बक्षीस सेकंदात पोचलं तर पोचलं.

वजन उतरत असेल, प्रत्येक जाडसर घासाला ठसका लागत असेल, किंवा नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, बोलणं मागे असेल तर हे सगळं बाजूला ठेव आणि आधी बालरोगतज्ज्ञांना दाखव.

दोन गोष्टी होणारच आहेत, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. काढायला लागलीस की रडणं आधी वाढेल, तो खटका आणखी जोरात दाबून बघणार, लाईट गेल्यावर आपण नाही का बटण खाट खाट दाबत, तसं. ते वाढलं म्हणजे उपाय फसला असं नाही, तेव्हाच पाघळायचं नाही. आणि दुसरं, सगळं छान चाललेलं असताना पंधरा दिवसांनी अचानक एका रविवारी, किंवा तुझ्या माहेरी गेल्यावर, तो परत फोनसाठी लोळण घेईल. पावलोव्हच्या कुत्र्यांची पण विरलेली लाळ मधे थोडा वेळ गेला की परत सुटायची. पीटरचं पण झालं होतं, स्कार्लेट फीव्हर होऊन दोनेक महिने हॉस्पिटलमध्ये गेले, निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सशाची भीती परत जशीच्या तशी. जोन्सबाईंनी काय केलं, परत पहिल्यापासून, ससा लांब, खाऊ जवळ. माहेरी आधी फोन करून सांगून ठेव, विशेषतः मामाला, तो बीएडवाला.

आणि त्या भिंतीवर हळदीचा डाग राहिला असेल तर इतक्यात रंगवायला काढू नकोस. जुनं कॅलेंडर लावून ठेव तिथे, अजून एकदा तरी वरण उडणार आहे.